हॅचची काच बदलताना: ॲक्रेलिक की पॉलीकार्बोनेट?

मुंबई बंदरात किंवा मांडवीत नांगरलेल्या जुन्या शिडाच्या बोटीवर चढलं की डेकवरच्या हॅच, म्हणजे केबिनच्या छतातल्या उघडणाऱ्या झडपा, लगेच नजरेत भरतात. काच (म्हणतात काच, असते बहुधा पारदर्शक प्लास्टिकची) धुरकट, आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघांनी भरलेली, कडेचं काळं सीलंट सुटून वर आलेलं. मालक दुकानात जातो, ‘कधी न तुटणारी’ शीट मागतो आणि पॉलीकार्बोनेट हे चिवट प्लास्टिक घेऊन येतो. थोड्याच हंगामांत तीच हॅच पुन्हा खालच्या बंकवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, ठिबकायला लागते. शीट तुटलेली नसते, पण हॅच मात्र कामातून गेलेली असते.

माझं मत आधीच सांगतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत, स्क्रूशिवाय, फक्त सीलंटवर बसणाऱ्या हॅचला कास्ट (ओतून घडवलेलं) ॲक्रेलिक हे दुसरं प्लास्टिकच बसवावं, आणि तेही मूळ जाडीचं. पॉलीकार्बोनेटची जागा बोटीवर आहे, पण ती इथे नाही. असं का, आणि काम पायरीपायरीने कसं करायचं, ते खाली देतो आहे.

आधी बघा, गळतंय कुठून

हॅच गळते म्हणजे काचच गेली असं समजू नका. पाणी तीन वाटांनी येतं: झाकणाच्या रबरी गॅस्केटमधून, काच आणि चौकट यांच्यामधल्या सीलंटमधून, किंवा खालची चौकट डेकवर बसवली आहे त्या सांध्यातून. तिसरी वाट सगळ्यात फसवी. तिथून शिरलेलं पाणी डेकच्या पोटातून वाट काढत भलत्याच ठिकाणी टपकतं.

एकाला आत बसवा आणि बाहेरून नळीने हळूहळू पाणी सोडा. जोराचा फवारा मारायचा नाही. सुरुवात सगळ्यात खालून करा: आधी डेकलगतचा सांधा, तिथे पाच मिनिटं थांबा, मग गॅस्केटची रेघ, शेवटी काचेची कड. वरून सुरुवात केली तर पाणी तिन्ही सांध्यांवरून वाहतं आणि काहीच कळत नाही. गॅस्केटवर संशय असेल तर ते जिथे टेकतं त्या चौकटीच्या ओठावर खडू घासा, हॅच बंद करून उघडा. गॅस्केटवर खडूची रेघ सलग उमटली पाहिजे. तुटक उमटली तर नुसतं गॅस्केट बदलून काम भागेल.

काचेतल्या बारीक रेघांना क्रेझिंग म्हणतात. नखाला त्या लागत नाहीत, पण तिरपं ऊन पडलं की चमकतात. वर्षानुवर्षांचं ऊन, आतला ताण आणि कुणीतरी कधीतरी फिरवलेला थिनरचा बोळा, या सगळ्यांचा तो परिणाम असतो. रेघा पृष्ठभागाच्या आत उतरलेल्या असतात, म्हणून पॉलिशने जात नाहीत. सगळीकडे सारखी पसरलेली हलकी क्रेझिंग आणखी एखादा हंगाम चालून जाते. पण रेघ हँडलच्या भोकापासून किंवा बिजागरीपासून निघून कडेकडे धावत असेल, तर त्या हॅचवर पाय देऊ नका आणि बोट समुद्रात नेण्याआधी काच बदला.

जुनी शीट कशाची आहे ते ओळखा

मूळ कंपनीने काय बसवलं होतं ते कळलं तर निर्णय सोपा होतो. ल्यूमार, गोयो, गेबो, बोमार अशा नावाजलेल्या बनावटीच्या चौकटीत बहुधा ॲक्रेलिकच सापडेल. पण बोट दुसऱ्यातिसऱ्या हाताची असेल तर मधल्या मालकाने काय केलं याचा भरवसा नसतो. जुन्या शीटचा एक तुकडा कापून घ्या आणि बोटीपासून दूर, उघड्यावर त्याचं टोक पेटवून बघा. ॲक्रेलिक फारसा धूर न करता तडतडत जळतं, गोडसर फळासारखा वास येतो आणि ज्योत बाजूला केली तरी जळत राहतं. पॉलीकार्बोनेट काळा धूर काढतं, कोळशासारखं होतं आणि ज्योत काढली की बहुधा विझतं. आग नको असेल तर ॲसिटोनचा एक थेंब टाका. ॲक्रेलिक चिकट होऊन विरघळू लागतं, पॉलीकार्बोनेट पांढरं पडतं.

दोन्हींतला खरा फरक

पॉलीकार्बोनेट फुटत नाही, हे खरं आहे. हातोडा मारला तरी ते दबतं, पण तुटत नाही. पण हॅचची काच निकामी होते ती फुटून क्वचितच. ती वाकते आणि तिचं सीलंट सुटतं. म्हणून इथे विचारायचा प्रश्न म्हणजे शीट किती ताठ आहे.

ॲक्रेलिकचा ताठपणा साधारण ३.२ गिगापास्कल, पॉलीकार्बोनेटचा २.३ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच जाडीची पॉलीकार्बोनेटची शीट तेवढ्याच वजनाखाली सुमारे ४० टक्के जास्त वाकते. डोलकाठीपाशी शीड उतरवताना माणूस हॅचवर उभा राहतो, किंवा नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, लाट येऊन सगळं पाणी तिथे आदळतं. शीट मध्ये खाली जाते, कडा वर उचलल्या जातात आणि सीलंट उकलतं. एकदा नाही, हजारदा. शीट सुखरूप राहते आणि सांधा मरतो.

जाडी वाढवून हे भरून काढता येतं, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. १० मिमी ॲक्रेलिकइतका ताठपणा हवा असेल तर पॉलीकार्बोनेट ११.२ मिमी लागतं, म्हणजे बाजारात १२ मिमी. पण चौकटीची खाच १० मिमीसाठी घडवलेली असते. १२ मिमीची शीट दोन मिमी वर येते, दोर तिच्या कडेला अडकतात, हँडलचे दांडे तोकडे पडतात.

दुसरा मुद्दा उन्हाचा. चांगलं ॲक्रेलिक आपल्या उन्हात वर्षानुवर्षे टिकतं, ९२ टक्के प्रकाश आत सोडतं आणि पिवळं पडायला फार काळ लागतो. साधं पॉलीकार्बोनेट उन्हात पिवळं आणि ठिसूळ होतं, म्हणून त्यावर ऊन अडवणारा थर दिलेला असतो. अनेक शीटना तो एकाच बाजूला असतो. कोणती बाजू बाहेर ठेवायची ते वरच्या फिल्मवर छापलेलं असतं, आणि फिल्म काढली की ते ओळखणं अवघड होतं. शिवाय हा थर राउटरने (कडा तासायच्या यंत्राने) कड उतरवताना निघून जातो आणि ओरखडे पॉलिश करायला गेलात तरी निघून जातो. पॉलीकार्बोनेट मऊ असल्यामुळे ओरखडे पडतातच: वाळू लागलेले बूट, दोराची घासण, दोर ओढायच्या विंचच्या हँडलचं टोक. ॲक्रेलिकवरचा ओरखडा मात्र बारीक पॉलिश पेपरने उतरवून पॉलिश करता येतो.

प्रवासी विमानांच्या खिडक्यांचे बाहेरचे थर आजही मुख्यतः ताणलेल्या ॲक्रेलिकचेच असतात. ‘मजबूत म्हणजे पॉलीकार्बोनेट’ असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

मग पॉलीकार्बोनेट कुठे वापरावं? जिथे शीट बोल्टने चारही बाजूंनी आवळलेली आहे, वाकण्याने काही बिघडत नाही आणि फुटणं अजिबात परवडत नाही, तिथे. केबिनच्या दारातल्या उभ्या फळ्यांना, किंवा मोठ्या खिडक्यांवर वादळात बाहेरून लावायच्या झाकणांना ते उत्तम. गोव्यात दिवाड बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसा दक्षिण महासागराचा बेत असेल तर अशी झाकणं तयार ठेवावीत. अलिबाग, मुरुड, रत्नागिरी एवढ्या पल्ल्यासाठी चांगली बसवलेली ॲक्रेलिकची हॅच पुरते.

खऱ्या टफन्ड काचेचाही विचार काहीजण करतात. ६०० बाय ६०० मिमी आणि १२ मिमी जाड काच पावणेअकरा किलोच्या आसपास भरते, तेवढंच ॲक्रेलिक पाच किलोच्या थोडं वर. झाकण उचलणाऱ्या बिजागऱ्या त्या वजनासाठी बनलेल्या नसतात. चाळीस फुटांखालच्या बोटीला मी काच सुचवणार नाही.

कास्टच का, आणि विकत घेताना काय विचारायचं

ॲक्रेलिक दोन प्रकारे बनतं. कास्ट म्हणजे दोन काचांमध्ये ओतून गोठवलेलं, एक्स्ट्रुडेड म्हणजे साच्यातून दाबून काढलेलं. एक्स्ट्रुडेड स्वस्त असतं आणि त्याची जाडी एकसारखी असते, पण आत ताण अडकलेला असतो. कापताना ते वितळून पात्याला चिकटतं आणि बसवल्यावर लवकर क्रेझ होतं. साइनबोर्डवाल्यांच्या दुकानात दोन्ही मिळतात आणि न विचारता दिलं तर कोणतं मिळेल याचा नेम नसतो. ‘कास्ट’ हा शब्द बिलावर लिहून घ्या.

पॉलीकार्बोनेट घ्यायचं असेल तर एक खबरदारी. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात त्याचा अर्थ बहुधा पत्र्याऐवजी छपरावर टाकायची पोकळ शीट असा होतो. तुम्हाला भरीव शीट हवी, हे स्पष्ट सांगा.

दुकानात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन जा. कास्ट शीटच्या जाडीत फरक असतोच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १० मिमीच्या शीटला १.४ मिमी कमी-जास्त चालतं, म्हणजे ८.६ ते ११.४ मधलं काहीही ‘१० मिमी’ म्हणून विकता येतं. जुन्या काचेची जाडी चारही कोपऱ्यांत मोजा आणि त्याच्या जवळची शीट निवडा. लहान हॅचना बहुधा १०, मोठ्यांना १२ मिमी असते, पण अंदाजावर जाऊ नका. बोटींच्या खिडक्या आणि हॅच यांच्या मजबुतीसाठी आयएसओ १२२१६ हे मानक आहे. नवी चौकट किंवा नवं माप करत असाल तर जाडी त्यानुसार काढणारा माणूस गाठा. जुन्याच चौकटीत बदलताना मूळ जाडी हाच नियम.

रंगाबाबत: मूळ काचा बहुधा धुरकट राखाडी असतात. हलका धुरकट रंग घ्या. गडद शीट मे महिन्यात भट्टी तापावी तशी तापते, आणि तापलं की फुगतं. ते फुगणं किती, याचा हिशेब पुढे येतोच. पारदर्शक शीटमधून खालचं सीलंट आणि त्यातला प्रत्येक बुडबुडा दिसतो.

साचा, कापणं आणि भोकं

जुनी काच शाबूत निघाली तर तीच साचा. पण आधी खात्री करा की तिच्याभोवती मोकळी जागा बरोबर होती. इथे मोजणीत हयगय करू नका. ॲक्रेलिक एका अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी फुगतं, ॲल्युमिनियम ०.०२३. पहाटे २५ अंश असलेली हॅच दुपारी ६५ पर्यंत गेली, तर ६०० मिमीच्या काचेत आणि चौकटीत १.१ मिमीचा फरक पडतो. काच चौकटीला टेकली असेल तर ती जागा कुठून मिळणार? म्हणून चारही बाजूंना २ ते ३ मिमी फट ठेवा. कोपऱ्यांचा गोलावाही चौकटीइतकाच हवा, नाहीतर कडेने जागा सुटते आणि कोपऱ्यात काच अडते.

कापताना शीटवर चिकटवलेला संरक्षक कागद काढायचा नाही. जिगसॉला बारीक दात्यांचं, प्लास्टिकसाठीचं पातं लावा, मध्यम वेग ठेवा आणि रेघेबाहेर दोन मिमी सोडा. मग प्लायवुडच्या साच्यावर राउटर फिरवून अंतिम माप आणा. कडा पेपरने गुळगुळीत करा, कारण करवतीची प्रत्येक खोच पुढच्या चिरेची सुरुवात असते. दुकानदार लेझरने कापून देतो म्हणेल. कड चकचकीत येते, पण उष्णतेने तिच्यात ताण बसतो आणि सॉल्व्हंट लागताच ती तडकते. लेझरनेच कापायचं तर ती शीट भट्टीत ८० अंशांना काही तास ठेवून सावकाश थंड करून मागा.

हँडलची भोकं दांड्यापेक्षा दीडदोन मिमी मोठी ठेवा. साधं ड्रिल बिट शेवटाला ॲक्रेलिकला ओढतं आणि मागची बाजू फुटते. प्लास्टिकसाठीचं बिट वापरा, खाली लाकूड घट्ट लावा, हळू जा. हँडल जुन्या ओ-रिंगांसकट बसवू नका, नव्या घ्या आणि हातानेच आवळा. स्क्रू ढिला पडू नये म्हणून लावतात ते थ्रेडलॉकर इथे अजिबात वापरू नका. ते ॲक्रेलिक आणि पॉलीकार्बोनेट दोन्हींना तडे पाडतं.

जुनी काच काढणं

झाकणाची चौकट बिजागरीतून सोडवून घरी आणता आली तर उत्तम. सीलंटमध्ये कटरचं लांब पातं वरून आणि आतून फिरवा, मग खालून लाकडी ठोकळ्याने सगळीकडे सारखा दाब द्या. घाईने एकाच कोपऱ्याला जोर लावला तर चौकट पिळवटते, आणि पिळवटलेली चौकट पुन्हा सरळ होत नाही.

खरी मेहनत यानंतरची. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनच्या पातळ थरावर नीट धरत नाही. चौकटीची खाच खरवडून, बारीक पॉलिश पेपर मारून, पांढरी गंजपूड काढून उघड्या धातूपर्यंत या. शेवटी ॲसिटोनने पुसा. इथे ॲसिटोन चालतं, कारण अजून काच आसपास नाही. या कामाला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

सीलंट: चुकीचं निवडलं तर काचही वाया जाते

ॲक्रेलिक हॅचसाठी न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) सिलिकॉन वापरा, स्ट्रक्चरल दर्जाचं, रंग काळा. इमारतींच्या दर्शनी काचा चिकटवायला वापरतात ते डाऊसिल ७९५ याच जातीचं आहे, म्हणून ते बोटीच्या दुकानापेक्षा काचकाम करणाऱ्या कंत्राटदाराकडे सहज मिळू शकतं. नळीवरची मुदत वाचा. गरम गोदामात पडलेली जुनी नळी पुरती सुकतच नाही.

व्हिनेगरसारखा वास येणारं न्हाणीघराचं सिलिकॉन नको, ते ॲल्युमिनियमला आणि पॉलीकार्बोनेटला त्रास देतं. पॉलीसल्फाइड सीलंट ॲक्रेलिक आणि पॉलीकार्बोनेट दोन्हींना खातं. साधं पॉलीयुरेथेन उन्हात काचेपासून सुटतं. सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही चालतं, पण त्याला त्याच कंपनीचे ॲक्टिव्हेटर आणि प्रायमर लागतात आणि त्यातली एकही पायरी गाळता येत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने सिलिकॉनच घ्यावं.

उरलेल्या ॲक्रेलिकच्या तुकड्यावर सीलंटची एक वळी सोडा आणि आठवडाभराने ओढून बघा. वळी मधूनच फाटली तर पकड चांगली. अख्खी सोलून निघाली तर पृष्ठभाग स्वच्छ नाही किंवा सीलंट त्या शीटला धरत नाही.

बसवणं

दिवस कोरडा निवडा, जागा सावलीची, वेळ सकाळची. मुंबईत पावसाळ्याआधी बोटी वर काढतात आणि पाऊस सरला की पुन्हा पाण्यात सोडतात. मार्च-एप्रिल या कामाला चांगला, किंवा बोट वर असताना झाकण घरी नेऊन. भर उन्हात फुगलेली काच बसवली तर रात्री ती आकसून सीलंटला ओढते.

काचेच्या खालच्या बाजूचा कागद फक्त सीलंट लागेल तेवढ्या पट्टीपुरता कापून काढा. ती पट्टी बारीक पेपरने किंचित खरखरीत करा, सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी करा. स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर यांचा बोळा फिरवू नका. कारागीर सवयीने तो फिरवतोच, म्हणून आधीच सांगून ठेवा.

चौकटीच्या खाचेत आदल्या दिवशी सिलिकॉनचे छोटे ठिपके टाकून सुकवून घ्या, साधारण दोन मिमी उंचीचे. काच त्यांच्यावर टेकते आणि खाली सीलंटची जाडी टिकते. सगळं सीलंट दाबून बाहेर काढलं तर तिथे ताण घ्यायला काहीच उरत नाही. मग सलग जाड वळी सोडा, कुठेही खंड नको. काच सरळ खाली ठेवा, हाताने सारखी दाबा, क्लॅम्प लावू नका. कडेची फट तळापासून भरत वर या, चौकटीला आणि काचेला मास्किंग टेप लावून वरची रेघ एका ओढीत साफ करा आणि साय धरायच्या आत टेप काढा.

आता थांबा. पृष्ठभाग काही तासांत सुकतो, पण पुरती पकड यायला ७ ते १४ दिवस लागतात. तोवर झाकण सपाट ठेवा, हँडल वळवू नका, बिजागरीला लावू नका. नवं गॅस्केट याच काळात आणून ठेवा. त्याचा सांधा बिजागरीच्या बाजूला घ्या. खालची चौकटही डेकवरून काढली असेल तर ती ब्यूटिल टेपवर (मऊ, चिकट रबरी पट्टीवर) बसवा. डेकच्या जेलकोटला, म्हणजे वरच्या गुळगुळीत थराला, सिलिकॉन लागलं की पुढे तिथे रंग धरत नाही.

नंतरची काळजी

धुताना आधी भरपूर गोडं पाणी ओतून मीठ आणि रेती वाहू द्या, मग मऊ फडकं. अमोनियाचा काच-क्लीनर बोटीवर ठेवूच नका. डास पळवणाऱ्या फवाऱ्यातलं डीट प्लास्टिक विरघळवतं, सनस्क्रीन लागलेले हातही डाग पाडतात. पाहुणे येणार असतील तर त्यांना फवारा किनाऱ्यावरच मारायला सांगा. हॅचवर पाय पडणारच असेल तर न घसरणाऱ्या दोन पट्ट्या चिकटवा, ओलं ॲक्रेलिक फार निसरडं असतं.

बोट नांगरावर असताना प्रत्येक हॅचला कापडी टोपी शिवून घाला. पांढऱ्या किंवा फिकट कापडाची, कडेला इलॅस्टिक. शिंप्याची मजुरी नव्या काचेच्या मानाने नगण्य आहे, आणि काचेचं, सीलंटचं, गॅस्केटचं, तिन्हींचं आयुष्य तेवढ्यानेच वाढतं.